बालदीवाल्याची मनाली

किन्हवलीकडून मुरबाडच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर ज्या वाड्या लागतात, त्यांतल्या कुठल्याही वाडीत जाऊन कुंडलिक कोण म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतील. बालदीवाला म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तीस वर्षं हा माणूस या रस्त्यानं फिरतोय. आधी सायकल होती, मग जुनी लुना आली, आता तिसऱ्या हाताची एक स्कूटर आहे. वाहनं बदलली, वरचा डोलारा तोच राहिला. मागे एकात एक बसवलेले टप, त्यांच्यावर बालद्या, दोन्ही अंगांना दोरीला लटकणारे मग, गाळण्या, बरण्या, आणि सगळ्यात वर जाळीत बांधलेली लहान मुलांची खेळणी. लांबून माणूस दिसतच नाही. रंगांचा ढीग आपापला रस्त्यानं येतोय असं वाटतं.

जुने कपडे, तुटकं लोखंड, फुटकी घमेली द्यायची आणि बालदी घ्यायची, ही त्याच्या धंद्याची रीत. सुरुवातीच्या वर्षांत मात्र घराघरांतून पितळ निघायचं. हंडे, कळश्या, आजीच्या लग्नातले तांबे. बाया ते हौसेनं काढून द्यायच्या, आणि त्यांना बोल तरी कसा लावायचा? धरण उशाला आणि कोरड घशाला असा हा मुलूख. विहीर टेकडीच्या पायथ्याला, घरं वर. भरलेला पितळी हंडा डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बाईची मान चाळिशीतच वाकडी व्हायची. प्लास्टिकचा हंडा पहिल्यांदा डोक्यावर घेतला तेव्हा एक म्हातारी कुंडलिकला बोलली होती, "पोरा, देव तुला भरपूर लेकरं देवो."

देवानं ते फारसं मनावर घेतलं नाही. कुंडलिक आणि कमळचं लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. लोकांनी विचारायचंही सोडून दिलं. आणि मग, कुंडलिकच्या मिशीत पांढरे केस दिसायला लागल्यावर, कमळला दिवस गेले. मुलगी झाली. नाव मनाली.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. एका खोलीत चूल आणि संसार, दुसऱ्या खोलीत जमिनीपासून पत्र्यापर्यंत माल. चैत्रात पत्रा तापला की त्या खोलीतून नव्या प्लास्टिकचा वास सुटायचा आणि घरभर भरून राहायचा. कुंडलिकला तो वास आवडायचा. त्याच्या लेखी तो भरल्या घराचा वास होता. कमळला गरोदरपणात त्यानं मळमळायचं. पण सहाव्या महिन्यापर्यंत ती भेंडीच्या मळ्यात पॅकिंगला जात होती, घरी ती फक्त निजायला असायची. मळ्यावर दुपारी चहा यायचा तो पातळ पिशवीत, दोऱ्यानं गाठ मारून. पिशवी हाताला चटका देई इतका कढत. तो प्लास्टिकच्या कपात ओतून बाया प्यायच्या. तिथं सगळ्याच तसा प्यायच्या.

मनाली वर्षाची व्हायच्या आत चालायला लागली. दात येताना हिरड्या शिवशिवायच्या म्हणून कुंडलिक मालातलं एखादं मऊ खेळणं तिच्या हातात द्यायचा. दाबलं की पीं करणारं बदक, हत्ती, मासा. मनाली ती दिवसभर चघळायची. चघळून रंग गेला की बाप दुसरं द्यायचा. सतरा वर्षांनी आलेल्या लेकीला खेळण्यांना काय तोटा? तो घरी आला की आधी जाळी सोडायचा, मग चपला.

बोलणं मात्र येईना. "आई" आलं, "बा" आलं, आणि गाडी तिथंच अडली. तीन वर्षं झाली, चार झाली. शेजारपाजारचे धीर द्यायचे. गोजरआत्या म्हणायची, "अरे, काही पोरं उशिरानंच बोलतात. तुझा धाकलूचुलता पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता गप बस म्हटलं तरी बसतो का?" कुंडलिक हसायचा. रात्रीला त्याच चुलत्याचं उदाहरण कमळला पुन्हा सांगायचा.

मनाली पहिलीत गेली आणि दिवाळीच्या आधीच शाळेतल्या वैष्णवीबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. बाई तरुण, शहापूरहून येणाऱ्या. त्यांनी आडवळणं घेतली नाहीत.

"पोरगी गुणी आहे हो. कुणाला मारत नाही, रडत नाही. पण एका जागी दोन मिनिटं बसत नाही. सकाळी शिकवलेलं दुपारी तिच्याजवळ नसतं. आणि बोलते ती दोन शब्द, तेही सोबतच्या मुलांना कळत नाहीत. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

"बारीक हाय अजून ती," कुंडलिक म्हणाला.

"काका, पहिलीतली ही सगळी बारीकच आहेत," बाई म्हणाल्या.

मग फेऱ्या सुरू झाल्या. किन्हवलीचं आरोग्य केंद्र, तिथून चिठ्ठी घेऊन शहापूर, शहापूरहून ठाणे. पहाटेची एसटी, मग लोकल, मग रांग. मनालीला मांडीवर धरून ठेवायला दोघं लागायची. कान तपासले, चांगले निघाले. डोकं तपासलं, फोटोत काही दिसलं नाही. एक डॉक्टर म्हणाले, वाट बघा. दुसरे म्हणाले, इतकी वर्षं वाट का बघितली? कुंडलिकला या फेऱ्यांनी जेवढं थकवलं तेवढं तीस वर्षांच्या रस्त्यानं थकवलं नव्हतं. रस्त्यावर निदान कुठं जायचंय ते माहीत असायचं.

त्याच वर्षी थंडीत मुंबईच्या एका कॉलेजची माणसं किन्हवलीच्या आसपासच्या गावांत आली. लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास चालला होता त्यांचा. त्यांच्या प्रमुख होत्या प्रमिला मॅडम. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, पायात साध्या चपला, बोलणं मृदू. वैष्णवीबाईंनीच त्यांना मनालीचं नाव दिलं. मॅडम घरी आल्या, मनालीसमोर चित्रं मांडली, लाकडी ठोकळे दिले, अर्धा तास तिच्याबरोबर जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळची पहिली लघवी लागेल तिची. बाटली मी देते." आणि पिशवीतून काचेची बाटली काढली.

कुंडलिकला ते बरोबर वाटेना. पोरगी चुळबुळी, काच फुटली तर? तो आतल्या खोलीत गेला आणि झाकणाचा एक छोटा डबा घेऊन आला.

"यात धरू, मॅडम. नवा हाय. आत्ताच पुडकं फोडलंय."

"नको काका. तुमच्या डब्यात नको."

"का हो? चांगला माल हाय. झाकण बगा कसं बसतं."

"माल चांगला असेल. पण आम्हाला तिच्या लघवीत प्लास्टिकातली द्रव्यं किती आहेत ते मोजायचंय. डब्यात धरली तर डब्यातलं तिच्यात मिसळेल. मग तिच्या पोटातलं कुठलं आणि डब्यातलं कुठलं, ते कसं कळणार?"

कुंडलिक डबा हातात धरून तसाच उभा राहिला. तीस वर्षांत त्याच्या मालाला लोकांनी पातळ म्हटलं होतं, तकलादू म्हटलं होतं, रंग जातो म्हटलं होतं. डब्यातलं काही बाहेर येतं असं कुणी म्हटलं नव्हतं.

"लघवीत बी येतं?" त्यानं विचारलं.

"थोडं येऊ शकतं. गरम पदार्थात, तेलकट पदार्थात जास्त येतं."

मग मॅडमनी वही उघडून प्रश्न विचारायला घेतले. लोणचं कशात ठेवता? पेज कशात देता? चूल पेटवताना पिशव्या घालता का? पोटुशी असताना चहा कशातून प्यायचात? मुलगी काय चघळायची? कमळ एकेक उत्तर द्यायची आणि मॅडमचं पेन चालायचं. दहाबारा प्रश्न झाल्यावर कमळचा आवाज बारीक झाला. "माजं काय चुकलं का, मॅडम?"

"नाही हो. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?" मॅडमनी वही मिटली. मग त्यांनी दोघांना समजेल असं सांगितलं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही द्रव्यं घालतात. ती त्यात पक्की बांधलेली नसतात. खाण्यातून, हाताला लागून, चघळून, तापलेल्या खोलीतल्या धुळीतून अंगात येतात. आईच्या अंगातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. बाळाचा मेंदू घडत असतो तेव्हा शरीरातले काही रस त्याला हुकूम देत असतात, इथं वाढ, इथं जोड. ही द्रव्यं त्या हुकमांत ढवळाढवळ करतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. बोलणं उशिरा येणं, लक्ष न लागणं, असं अशा मुलांत थोडं जास्त आढळतं.

कुंडलिकला भाताचा वाफा आठवला. रोप वाफ्यात असताना पाणी चुकलं तर तेव्हा काही कळत नाही. लावणी झाल्यावर शेत बोलतं.

निकाल यायला होळी उजाडली. मॅडम स्वतः कागद घेऊन आल्या. ज्या घरांतून नमुने घेतले होते त्यांत मनालीचे आकडे वरच्या पाचांत होते. कुंडलिकनं कागद वाचायचा प्रयत्न केला नाही. तो एकच विचारायला थांबला होता.

"म्हणजे यानंच झालं तिला?"

मॅडमनी कागद खाली ठेवला. "काका, हे आकडे सांगतात काल-परवा तिच्या अंगात काय गेलं ते. ही द्रव्यं दोन दिवसांत बाहेर पडतात. ती कमळताईंच्या पोटात होती तेव्हा किती होतं, ते आता कुणालाच मोजता येणार नाही. शंभर मुलांबद्दल मी काहीतरी सांगू शकते. एका मनालीबद्दल नाही सांगता येत. कदाचित हे नसतं तरी ती अशीच असती."

"आणि कदाचित नसती."

"हो. कदाचित नसती."

कुणीतरी ठामपणे सांगितलं असतं की तुझाच दोष, तर त्यानं डोकं आपटून घेतलं असतं आणि मोकळा झाला असता. तुझा संबंध नाही म्हटलं असतं तर देवाला नारळ फोडला असता. हे असं अधांतरी घेऊन कसं जगायचं ते त्याला कळेना. पुढं कित्येक महिने तो मधेच थांबायचा, हातातलं काम तसंच, नजर कुठंतरी.

पण करायचं ते त्यानं थांबवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं परसात बांबू रोवले, वर ताडपत्री घातली, सगळा माल घरातून बाहेर काढला. खोली कमळनं दोनदा सारवून काढली. लोणचं चिनी मातीच्या बरणीत गेलं. पेज, भात, चहा, सगळं स्टीलमध्ये. चुलीत पिशव्या घालणं बंद झालं, ओल्या लाकडाला फुंकर मारून कमळचे डोळे चुरचुरले तरी. मनालीची खेळणी त्यानं गोणीत भरली तेव्हा मात्र ती पहिल्यांदा ओरडून रडली. गोणीला मिठी मारून बसली. "माजं, माजं." हा तिचा नवा शब्द होता. तो ऐकून बापाला हसावं का रडावं कळेना.

दोन महिन्यांनी मॅडमनी पुन्हा काचेची बाटली दिली. या खेपेचे आकडे निम्म्याच्याही खाली उतरले. कमळला इतका आनंद झाला की तिनं शेजारी गूळ वाटला. आठवडाभर ती रोज मनालीला समोर बसवून विचारायची, "बोल गो बाय, आता बोल." मनाली तिच्या बांगड्यांशी खेळायची. आकडे उतरले होते. पोरगी होती तिथंच होती. घडायच्या वेळी जे घडलं नाही ते लघवीबरोबर वाहून जात नाही, हे कमळला हळूहळू कळलं. तिनं विचारणं सोडलं.

आता धंद्याचं काय? पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं कोण काय काम देणार? कुंडलिकनं चघळायची खेळणी आणणं बंद केलं आणि काही स्टीलच्या वाट्या, ताटल्या ठेवायला लागला. बाकीचा माल तोच. मात्र बालदी विकताना तो बोलायला लागला. गरम घालू नका. तेल ठेवू नका. पोराला यात पेज देऊ नका. गिऱ्हाइकं गोंधळायची. विकणाराच म्हणतो वापरू नका, हा कुठला बालदीवाला?

एकदा तो येसूच्या वाडीवर गेला. येसू साठीच्या पुढची, मजुरीवर आयुष्य काढलेली. वर्षातले सहा महिने तिचं घर वीटभट्टीवर असायचं. अंगणात ती नातवाला मांडीवर घेऊन लाल वाटीतून कढत पेज भरवत होती. वाटी कुंडलिककडूनच घेतलेली.

"येसूमावशी, ती वाटी नको. ही घे, स्टीलची. काय देऊ नको मला."

"फुकट? काय रे, डोकं फिरलं काय तुजं?"

त्यानं सांगितलं. मनालीचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, जमेल तसं. येसूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वाटी खाली ठेवली.

"माजा पितळी हंडा व्हता," ती म्हणाली. "आयशीनं दिलेला. तो तू नेलास. टप दिलास, हंडा दिलास, दोन वाट्या वरून दिल्यास. आता म्हनतोस यात इख हाय. मग माजा हंडा आनून दे."

"तो कुठं असेल आता, मावशी? तेव्हाच मोडीत गेला."

"मंग?"

तो स्कूटरला टेकून उभा राहिला. ऊन चढलं होतं. थोड्या वेळानं येसूच बोलली, आवाज जरा खाली आला होता.

"माजी मान मोडत व्हती तेवा तुज्या हंड्यानं वाचली, ते बी खरं हाय. तुला तरी काय ठावं व्हतं? पन रे, एवढं शिकलेलं लोक करतात ना ह्ये? त्यांना बी ठावं नव्हतं?"

"त्यांना असंल."

"मंग ते का नाय येत वाडीवर सांगायला? तूच का येतोस?"

तिनं स्टीलची वाटी घेतली. लाल वाटी परत दिली नाही. कोंबड्यांना पाणी ठेवायला होईल म्हणाली.

सगळ्याच जणी येसूसारख्या नव्हत्या. काहींनी दारं लावून घेतली. एका नवऱ्यानं ऐकवलं, तुझी पोर तशी निघाली म्हणून गावाची पोरं वेडी ठरवतोस काय. मग मुरबाडच्या बाजूनं एक जण टेम्पो घेऊन यायला लागला. वर भोंगा, आत दुप्पट माल, आणि उपदेश अजिबात नाही. गिऱ्हाईक तिकडं वळलं. कुंडलिकची फेरी आठवड्यातून तीन दिवसांवर आली. गुडघेही बोलायला लागले होते, तेव्हा ते एका अर्थी बरंच झालं, असं तो कमळला म्हणायचा. कमळ परत भेंडीच्या मळ्यावर जायला लागली. तिथं ती आपला स्टीलचा पेला घेऊन जाते. चहा अजून पिशवीतच येतो. मुकादमाला तिनं दोनदा किटलीचं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं त्राण तिला राहिलं नाही. पेला मात्र आता आणखी चौघी नेतात.

मनाली आठ वर्षांची आहे. दर मंगळवारी कुंडलिक तिला एसटीनं शहापूरला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेतो. त्या तरुण आहेत, नाव कुणाली, हसऱ्या. त्यांची खोली लहान आणि खेळण्यांनी भरलेली आहे. ठोकळे, फळं, जनावरं, आगगाडी, सगळं प्लास्टिकचं. पहिल्या दिवशी कुंडलिकनं ते बघितलं आणि न राहवून सांगितलं.

"माहीत आहे, काका," कुणालीताई म्हणाल्या. "लाकडी मागवलीत. वर्ष झालं. येतील तेव्हा येतील. तोंडात नाही घालू द्यायची आपण, आणि झाल्यावर हात धुवायचे. चालेल?"

तो चालेल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दीड वर्षात मनाली तीन शब्दांची वाक्यं करायला लागली आहे. चारपर्यंत मोजते, पाच सोडून सहा म्हणते. वैष्णवीबाईंनी तिला वर्गात पुढच्या बाकावर खिडकीपासून लांब बसवलंय, तिथं ती पाच-सात मिनिटं टिकते. कुणालीताई म्हणतात, अजून पुष्कळ येईल. किती येईल ते त्या सांगत नाहीत, आणि कुंडलिकही आता विचारत नाही.

गेल्या मंगळवारी परतीची गाडी चुकली. दुसरीला तासभर होता. शहापूरच्या स्टँडवर बाप-लेक बाकड्यावर बसले. कुंडलिकनं डोळे मिटले, पण बोटं तिच्या मनगटाभोवती तशीच ठेवली. मनाली येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं त्याची बाही ओढली.

"बा, आपली नाय आली."

"नाय आली गो," तो डोळे न उघडता म्हणाला. "बस जरा."

ती बसली.